घुमटाखाली चपला वाजवल्या त्याची गोष्ट

बडोद्याला एम.एस. (महाराजा सयाजीराव) युनिव्हर्सिटीत नवीन आलेल्या ज्युनिअर्सना सध्या एकच खूळ लागलंय: कॅम्पसवर पॉडकास्ट करायचा. करा, जरूर करा. फक्त मी दोन वर्षांपूर्वी केला तेव्हा काय काय माती खाल्ली, ते आधी वाचा.

माझ्या पहिल्या भागाची सुरुवात अशी होती: "सयाजीराव महाराजांच्या दूरदृष्टीतून 1881 साली आपल्या विद्यापीठाची स्थापना झाली." वाक्य भारदस्त, पण चुकीचं. 1881 ला सुरू झालं ते बडोदा कॉलेज, आणि ते मुंबई विद्यापीठाला जोडलेलं होतं. आपलं विद्यापीठ 30 एप्रिल 1949 चं. दुसऱ्याच दिवशी, 1 मे ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे संस्थानाने जाता जाता मागे ठेवलेली ही वस्तू! एवढी गोष्ट हाताशी असताना मी 'दूरदृष्टी' घेऊन बसले होते. तो भाग मी पुसून टाकला.

दुसरी चूक म्हणजे मी लिहिलेलं वाचत होते. अरविंद घोष त्या जुन्या बडोदा कॉलेजात शिकवायचे, विनोबा तिथे शिकत होते, कला आणि तंत्रशिक्षणाचं कलाभवन 1890 चं आणि दादासाहेब फाळके तिथले विद्यार्थी, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. सगळं खरं, पण कानाला ते सामान्यज्ञानाच्या गाईडसारखं लागतं. चार नावांनंतर माझा भाऊसुद्धा इअरफोन काढून जेवायला गेला.

मग दांडिया बाजारात राहणाऱ्या आईच्या मावशीकडे गेले. ती 1956 साली आर्ट्सला होती. पहिली वीस मिनिटं तिने महाराजांवर भाषणच दिलं, कारण समोर फोन ठेवलेला. माझे प्रश्नही तसेच होते, "तेव्हाचं वातावरण कसं होतं?" या प्रश्नाला कुणी काय उत्तर देणार! शेवटी कंटाळून विचारलं, "आजी, पहिल्या दिवशी पायात काय होतं गं?"

आजी हसायलाच लागली. पायात थोरल्या बहिणीच्या चपला होत्या, दोन बोटं मोठ्या. आर्ट्सच्या घुमटाच्या इमारतीत शिरली तर प्रत्येक पावलाला फटॅक, फटॅक, आणि तो आवाज वर जाऊन दुप्पट होऊन परत यायचा. सगळा वर्ग वळून बघायला लागला. पुढे अर्धा तास ती बोलत राहिली, मध्येच मराठीतून गुजरातीत शिरत, सायकल, मैत्रिणी, हंसाबेनना लांबून पाहिलेलं, सगळं.

आणि घरी येऊन ऐकते तर डोक्यावरच्या पंख्याची घरघर! शिवाय तिच्या प्रत्येक वाक्यावर माझं "हो हो", "अगंबाई". निम्मं रेकॉर्डिंग वाया गेलं. तेव्हापासून मी पंखा बंद करते, फोन एअरप्लेन मोडवर टाकून बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा तिरका धरते आणि फक्त मान हलवते. नाव आणि 'रेकॉर्ड करायला माझी हरकत नाही' हे वाक्य सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून घ्या. निघताना त्या खोलीतली मिनिटभर शांतताही रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये दोन तुकडे जोडताना मधली फट तिनेच बुजते, निखळ नि:शब्दता टाकलीत तर कान दचकतो. माइक विकत घ्यायची घाई करू नका. एडिटिंगचं ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि तीन तासांतून आठ मिनिटं काढताना खरी लागते ती चिकाटी.

आवाज गोळा करायला बाहेर पडा. सूरसागर तलावासमोर परफॉर्मिंग आर्ट्सच्या फॅकल्टीत जा: 1886 साली गायक मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेतून ती वाढली. आत तबला जुळवताहेत, बाहेर रिक्षांचे हॉर्न. हॉर्न कापू नका, ते बडोदंच आहे. फाइन आर्ट्सच्या आवारात छिन्नीचा आवाज मिळतो. आधी विभागात अर्ज द्या, नाहीतर शिपाईकाका हाकलतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

चपलांचा आवाज मात्र मला घुमटाखालीच हवा होता. वास्तुविशारद चिझमसाहेबाने बांधलेली ती इमारत, विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला घुमट, तिथे दगडी भिंतींत काहीही घुमतं. रविवारी सकाळी आईच्या कोल्हापुरी घालून मी सात फेऱ्या मारल्या, मैत्रीण फोन धरून उभी. कबुतरं उडाली, तेही ठेवलं. भागात स्पष्ट सांगितलं, 'हा आवाज आम्ही आज केलाय.' ते लपवलंत तर आजीच्या खऱ्या शब्दांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

तयार भाग आजीला ऐकवला. डोळे मिटून ऐकलं तिने शेवटपर्यंत.

"छान आहे," म्हणाली, "पण माझ्या जास्त वाजायच्या."

आठवा प्रयत्न करायचा राहिलाय. बाबांच्या चपला मागितल्यात.