रविवारच्या रेह-रागूची तयारी, बुधवारपासून

पहिलं काम फोनचं. बायर्नमध्ये, म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरियात, रविवारी दुपारी चार-सहा जण जेवायला यायचे आहेत आणि बेत रेह-रागू आणि झेमेलक्नोडलचा, म्हणजे हरणाचं मंद शिजवलेलं मांस आणि शिळ्या पावाचे उकडलेले गोळे असा ठरलाय, तर बुधवारपर्यंत मेट्सगरकडे, म्हणजे खाटकाकडे, मांस सांगून ठेवा. रेह हे इथल्या रानातलं लहान चणीचं हरीण. शिकार हंगामाप्रमाणेच होते: नर मे महिन्यापासून मिळतो, माद्या सप्टेंबर ते जानेवारीच्या मध्यापर्यंत. थंडी पडायला लागते तेच या बेताचे दिवस. म्युनिकमध्ये राहणाऱ्यांना व्हिक्टुआलिएनमार्क्टमध्ये शिकारीच्या मांसाची दुकानं आहेत. शहराबाहेर असाल तर राज्याच्या वनविभागाच्या कचेऱ्याही मांस विकतात, आणि गावातला एखादा शिकारी ओळखीचा असेल तर विचारायलाच नको. सुपरमार्केटच्या फ्रीजरमधल्या पाकिटावर मात्र देशाचं नाव वाचा. पुष्कळदा ते न्यूझीलंडमध्ये पाळलेलं लाल हरीण असतं. खायला चांगलं असतं, फक्त ते या रानातलं नाही.

मागताना खांदा किंवा मान मागा, सहा माणसांना हाड काढून सव्वा किलो. हाडं वेगळी बांधून द्यायला सांगा, रश्शाला लागतात. पाठीचं मांस दुकानदार कौतुकाने दाखवेल. ते महाग असतं आणि तव्यावर पटकन भाजून खायचं असतं, दोन तास शिजवलं तर भुसा होईल. रानातल्या जनावराच्या अंगावर चरबी जवळजवळ नसते. खांद्यात आणि मानेत ज्या चिवट शिरा असतात, त्याच मंद आचेवर विरघळून मांस मऊ ठेवतात आणि रस्सा दाट करतात. ज्याला आपण नेहमी नाकं मुरडतो तोच भाग इथे हवा.

दुसरा फोन पाहुण्यांना. आपल्या मंडळींमध्ये कोण काय खातं हे धरून चालू नये. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हरणाचं मांस ताटात येणं बंद झालं, त्यामुळे बऱ्याच जणांना नुसत्या नावानेच अवघडल्यासारखं होतं. कुणाकडे गर्भवती बाई किंवा सात वर्षांखालचं मूल असेल तर मेट्सगरला विचारा, गोळी बिनशिशाची होती का. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात राहतात आणि जर्मनीची सरकारी अन्नसुरक्षा संस्था या लोकांना असं मांस टाळायला सांगते. खात्री नसेल तर त्यांच्यापुरता वेगळा बेत करा. शाकाहारी पण अंडं चालणाऱ्यांसाठी सोय सोपी आहे: तेच क्नोडल, बरोबर क्रीममध्ये शिजवलेले मश्रूम. हा बायर्नचा जुना, मानाचा पदार्थ आहे, त्यामुळे कुणाला उरलंसुरलं वाढल्यासारखं वाटत नाही.

हरणाऐवजी रानडुक्कर घ्यायचा मोह होईल, कारण तेही दुकानात असतं. घ्या, पण ते डुकराचं मांस आहे हे पाहुण्यांना आधी सांगा आणि अनोळखी माणसाकडून घेऊ नका. रानडुकराची ट्रायकिनेला जंतासाठी तपासणी सक्तीची आहे. शिवाय बायर्नच्या काही भागांत १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टीच्या अपघातातलं किरणोत्सारी सीझियम अजून जमिनीत आहे. डुकरं जमिनीखालच्या एका बुरशीची फळं उकरून खातात, त्यात ते साठतं, म्हणून ते डुकराच्या मांसात हरणापेक्षा जास्त सापडतं. किरणोत्सार किलोला ६०० बेकरेलच्या (हे त्याचं माप) वर गेलेलं मांस विकता येत नाही.

गुरुवारी फक्त मसाल्याचा डबा उघडून बघा. ज्युनिपरचे आठ-दहा दाणे, मिरी, दोन लवंगा, चार ऑलस्पाइस, थोडं थाईम, युरोपातली तेजपानं दोन. पुण्याहून आणलेलं तमालपत्र चालणार नाही. ते वेगळ्या झाडाचं आहे, त्याला दालचिनीकडे झुकणारा वास असतो आणि दोन तासांत तो सगळ्या रश्शावर बसतो. गरम मसाला, आलं-लसूण यांनाही हात लावू नका. मलाही तसं मटण आवडतं, पण मग त्यासाठी हरीण कशाला?

शुक्रवारी बाजार उरका. रविवारी इथे दुकानं बंद असतात, आणि शनिवारी संध्याकाळच्या रांगेत उभं राहून दूध घेण्यासारखा कंटाळा नाही. गाजर, सेलरीचा कंद आणि लीक यांची जुडी बांधूनच मिळते. तीन मोठे कांदे, टोमॅटोची घट्ट पेस्ट, अर्धा लिटर कोरडी रेड वाइन. जी प्यायला नको वाटेल ती स्वयंपाकातही नको, तरी भारी बाटली फोडायची गरज नाही. प्रायझलबेरीच्या, म्हणजे लहान लाल आंबट बेरीच्या, जॅमची बाटली. लाल कोबी आणि दोन आंबट सफरचंदं. क्नोडलसाठी दहाएक झेमेल, म्हणजे साधे पांढरे गोल पाव, सुमारे अर्धा किलो. ते आजच आणायचे, कारण रविवारपर्यंत शिळे व्हायला हवेत. ताज्या पावाचा लगदा होतो. शनिवारी त्यांच्या पातळ चकत्या करून परातीत उघड्या ठेवा. एवढंही नको असेल तर बेकरीत कापून वाळवलेला पाव पिशवीत मिळतो. पाच अंडी, अर्धा लिटर दूध, लोणी, पार्सली, जायफळ.

शनिवार हा खरा स्वयंपाकाचा दिवस. मांस ताकात किंवा वाइनमध्ये रात्रभर भिजवायची चाल फ्रीज नव्हते तेव्हाची, उग्र वास झाकायला. नीट मारलेल्या, नीट थंड ठेवलेल्या हरणाला तसला वास नसतो, म्हणून मी भिजवत नाही. त्या वेळात मांसावरचा रुपेरी पापुद्रा काढा. सुरीचं टोक त्याच्याखाली सरकवायचं, एक टोक चिमटीत धरायचं आणि सुरीची धार किंचित वर, पापुद्र्याकडे ठेवून पुढे न्यायची, म्हणजे तो पट्टीने निघतो आणि मांस वाया जात नाही. नंतर चार सेंटिमीटरच्या फोडी करा आणि कागदाने कोरड्या पुसा. ओलं मांस तेलात पडलं की नुसतं उकडतं.

बिडाच्या जड पातेल्यात तेल चांगलं तापवून फोडी तीन-चार घाण्यांत खरपूस परता. एकदम ओतल्या तर पाणी सुटेल. मांस बाजूला काढून त्याच तेलात हाडं, मग कांदा आणि भाज्या. कांद्याला वेळ द्या, तांबूस झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. पेस्ट टाकून ती विटकरी होईपर्यंत परता, मग वाइन तीन वेळा थोडी थोडी घाला आणि दर वेळी आटू द्या. रश्शाचा काळसर रंग इथेच ठरतो. मांस परत टाका, अर्धा लिटर पाणी किंवा शिकारीच्या मांसाचा तयार स्टॉक, ठेचलेला मसाला, मीठ बेताचं. झाकण लावून १५० अंशांच्या ओव्हनमध्ये. दीड तासाने एक फोड चमच्याने दाबून बघा, तुटायला हवी पण विस्कटायला नको. वयस्कर जनावर असेल तर अजून अर्धा तास. मांस काढून रस्सा गाळा, हाडं आणि भाज्या फेका, रस्सा थोडा आटवून दोन चमचे जॅम घाला आणि मांस परत सोडा. पातेलं गार पाण्यात ठेवून निववा आणि फ्रीजमध्ये घाला. हा रागू दुसऱ्या दिवशी निश्चितच जास्त चांगला लागतो. ब्लाउक्राउट, म्हणजे लाल कोबीची भाजीही आजच: कोबी बारीक चिरून सफरचंद, व्हिनेगर, साखर आणि लवंगेबरोबर मंद शिजवायचा.

रविवारी जेवण साडेबाराला असेल तर साडेदहाला पावावर कोमट दूध ओता. उकळतं नको. लोण्यात परतलेला बारीक कांदा, पार्सली, फेटलेली अंडी, मीठ, जायफळ घालून हाताने हलकं कालवा. मळायचं नाही, पावाचे तुकडे ओळखू यायला हवेत. अर्धा तास झाकून ठेवा. दरम्यान मोठ्या पातेल्यात खारं पाणी उकळून आच उतरवा, पाणी नुसतं थरथरत राहिलं पाहिजे. आता ओल्या हातांनी एकच क्नोडल वळा, लाडवासारखा घट्ट दाबून, भेग न ठेवता, आणि तो पाण्यात सोडा. फुटला तर मिश्रणात मूठभर ब्रेडचा चुरा घाला, फार घट्ट वाटला तर चमचाभर दूध. ही चाचणी वेळ वाचवायला कधीही गाळू नका, बारा क्नोडल एकदम विरघळले तर उपाय नाही. पाहुणे बसायच्या वीस मिनिटं आधी उरलेले सोडा, झाकण अर्धवट ठेवा. तेवढ्यात रागू मंद आचेवर पूर्ण गरम करा, वाफ नीट निघेपर्यंत.

ताटल्या ओव्हनमध्ये गरम करून ठेवा, हरणाचा रस्सा गार पडला की तोंडाला चिकटतो. प्रायझलबेरी वाटीत वेगळी द्या, मुलं तीच जास्त खातात. उरलेल्या क्नोडलचे सोमवारी जाड काप करून लोण्यात कडेने कुरकुरीत होईपर्यंत परता आणि वरून अंडं फोडा. रागू उरलाच तर डब्यात घालून गोठवा.