एचपीव्हीची लस: एक डोस, दोन की तीन, आणि शिमगा-गणपतीचा हिशोब

मे महिन्यात चाकरमानी आले की आमच्या पडवीत बारा-तेरा वर्षांची एखादी तरी भाची-पुतणी असतेच, आणि फणस कापता कापता वहिनी हळूच विचारते, ती गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची लस दिलीस ना गो पोरीला, किती इंजेक्शनं? एकीला डॉक्टरनी दोन सांगितलेली, दुसरीला तीन, तिसरीच्या आशाताई म्हणतात एकच पुरे. तिघींनाही बरोबरच सांगितलंय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. एचपीव्ही म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो तो, आणि ही लस त्याच्यावरची.

आधी वय बघा. पहिला डोस घेताना मुलगी किती वर्षांची आहे त्यावर पुढचं सगळं ठरतं. खाजगी दवाखान्यात ९ ते १४ वयाला दोन डोस, मध्ये सहा महिने. पंधरा पूर्ण झाली असेल तर तीन: आज, दोन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी. म्हणजे पंधरावा वाढदिवस जवळ आला असेल तर केकच्या आधी दवाखाना गाठा, नाहीतर एक इंजेक्शन आणि एक बिल वाढलंच. पहिला डोस चौदा वर्षं अकरा महिन्यांना झाला आणि दुसरा वाढदिवसानंतर आला तरी चालतं, दोनच लागतात.

आता एका डोसचं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली सांगितलं की ९ ते २० वयाच्या मुलींना एक डोससुद्धा चालेल, आणि याचा मोठा पुरावा आपल्याच देशातला आहे हे कोणी सांगतच नाही. २००९ मध्ये भारतात दोन डोस विरुद्ध तीन डोस असा अभ्यास सुरू झाला, त्यात आपलं पुणं होतं, बार्शीसुद्धा होती. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्याच प्रकल्पात काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत त्यांचा लसीशी संबंध सापडला नाही, पण तोवर सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांत लस देणं थांबवलं आणि या अभ्यासातल्या हजारो मुली एकाच डोसवर राहिल्या. संशोधकांनी त्यांना सोडलं नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले. दहा वर्षांनी बघितलं तर एचपीव्हीचे बरेच प्रकार आहेत, त्यांना नंबर दिलेत, त्यातल्या १६ आणि १८ नंबरच्या विषाणूंचा चिवट संसर्ग रोखण्यात एक डोसवाल्यांना सुमारे ९५ टक्के संरक्षण, दोन आणि तीनवाल्यांना ९३ च्या आसपास, म्हणजे फरक नाहीच. आणि जगातले साधारण ७० टक्के असे कॅन्सर याच दोन नंबरांमुळे होतात. त्यामुळे सरकारी मोहिमेत एकच डोस मिळाला तर आपल्याला कमी दिलं म्हणून भांडत बसू नका. खाजगीत डॉक्टर दोन म्हणाले तर दोन घ्या, लसीच्या कागदावर तसंच आहे.

पण एक अपवाद. मुलीला एचआयव्ही असेल, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील, तर एकावर भागवू नका. तिथे कमीत कमी दोन आणि जमलं तर तीनच, हे डॉक्टरना आधीच सांगा.

अंतराचा घोळ आपल्याकडे जास्त होतो, कारण मुंबईची मंडळी सणाला येतात तेव्हाच सगळं उरकायचं असतं. मेमध्ये पहिला आणि गणपतीत दुसरा, असं करू नका!! चारच महिने होतात. दोन डोसमध्ये पाच महिन्यांपेक्षा कमी अंतर पडलं तर तिसरा घ्यावा लागतो. मेमध्ये घेतला तर दिवाळीच्या सुट्टीत या, थोडं मागेपुढे झालं तरी नोव्हेंबर धरा. शिमग्याला घेतला तर गणपतीपर्यंत साडेपाच महिने होतात, अधिक महिना आला की साडेसहा, ते चालतं. उशीर झाला तर घाबरू नका, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेला तेवढा घ्यायचा.

लस २ ते ८ डिग्रीत राहायला हवी. पावसात आमच्याकडे लाईट गेली की कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून सरळ विचारा, फ्रिजला बॅकअप आहे का, लाजू नका. मेडिकलमधून आणायला सांगितलं तर आईस पॅकच्या डब्यात आणा, आणि लस बर्फाला थेट टेकवू नका, गोठली की वाया. आमच्या ह्यांनी एकदा मासळीच्या थर्माकोलच्या पेटीत बर्फात पुरून आणली होती, वर म्हणे बघ कशी थंडगार. ती बाटली फुकट गेली, आणि डब्याला सुरमईचा वास तो वेगळाच.

त्या दिवशी पोरीला उपाशी नेऊ नका, पेज किंवा भाकरी खाऊन निघा. इंजेक्शन दंडात देतात, नंतर पंधरा मिनिटं बसवून ठेवा कारण या वयात मुलींना चक्कर येते, सुईच्या भीतीनेच बहुतेक. एसटी चुकेल म्हणून पळत सुटू नका. दंड एक-दोन दिवस दुखतो, थोडा ताप येऊ शकतो. पाळी चालू असली तरी चालतं. सणसणून ताप असेल तर पुढे ढकला, यीस्टची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. पुढे मूल होणार नाही वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते फेकून द्या, लसीत जिवंत विषाणू नसतो, नुसता त्याचा रिकामा सांगाडा असतो.

कार्डाचा फोटो काढून घरातल्या ग्रुपवर टाका, तारखेसकट. कार्ड पावसाळ्यात कपाटात बुरशी येऊन जातं, हे अनुभवाने सांगते.

आणि लस घेतली तरी तिशीनंतर गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी लागतेच, कारण बाकीचे नंबर उरतात. हे मी वहिनीला सांगितलं आणि तुझी शेवटची तपासणी कधी झाली असं विचारलं, तर ती चहा ठेवायला म्हणून आत गेली ती अजून बाहेर आलेली नाही.