मांजरीचं पिल्लू काही खात नाही? तोंडात दूध ओतण्याआधी या चुका टाळा

जूनचा पाऊस लागला की गोव्यात आमच्या डिचोलीत कुणाच्या तरी पडवीत, नाहीतर लाकडांच्या खोपीत भिजलेलं पिल्लू सापडतंच. डोळे चिकटलेले, नाक वाहणारं, बशीतल्या दुधाकडे ढुंकूनही न बघणारं. माझ्याकडे आलेलं पहिलं पिल्लू माझ्या घाईने गेलं. अंग गार पडलं होतं, आणि मी भुकेलं असेल म्हणून चमच्याने दूध पाजलं. रात्रभर ते घरघरत होतं, सकाळी गेलं. ती घरघर माझ्या कानातून अजून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

गार अंगाला भरवू नका

कितीतरी पिल्लं याच चुकीने जातात. अंग गार असलं की आतडी काम करत नाहीत. दूध पोटात तसंच राहून नासतं. गिळायची ताकद नसल्यामुळे ते श्वासनलिकेत उतरतं आणि न्यूमोनिया होतो. महिन्याभराच्या पिल्लाचं तापमान ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तोंडात बोट घालून बघा. आतून गार लागलं तर आधी ऊब द्या, अन्न नंतर.

पिल्लू कोरडं पुसा. बाटलीत गरम पाणी भरा, ती टॉवेलात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला दुसरीकडे सरकता येईल. चुलीजवळ किंवा गरम पाण्यात धरू नका. अंग हळूहळूच तापायला हवं, तास-दोन तास लागले तरी चालतील. पावसात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मी विजेच्या शेकावर विसंबत नाही. पिल्लू अगदी मलूल असेल तर साखरेच्या घट्ट पाण्याचा थेंब बोटाने हिरड्यांना चोळा आणि दवाखाना गाठा.

नाक बंद, तर भूक बंद

मांजर वासावर जेवतं. सर्दीने नाक चोंदलं की पुढ्यातलं अन्न त्याला अन्न वाटतच नाही. ओल्या कापसाने नाक-डोळे पुसा. न्हाणीघरात गरम पाण्याची वाफ कोंडून पिल्लाला घेऊन दहा मिनिटं बसा. बाम, कापूर, निलगिरी मात्र अजिबात नको, मांजरांना ती विषारी आहेत. अन्न हाताला कोमट लागेल इतकं गरम करा, वास सुटतो. पिल्लू अन्नापाशी जातं, लाळ गाळतं आणि मागे फिरतं, असं दिसलं तर तोंडात फोड असू शकतात. त्याला खायचं असतं, पण दुखतं.

हुमणाचं शीत आणि गाईचं दूध

‘आमच्या माजराक हुमणाचं शीतच आवडतं’ असं शेजारणी सांगतात, म्हणजे माशांच्या आमटीत कालवलेला भात. पण हुमणात कांदा-लसूण असला तर त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. खारा बांगडा, काट्याचा मासा, कच्चे तारले हेही नको. गाईच्या दुधाने जुलाब होतात आणि आधीच सुकलेलं पिल्लू आणखी सुकतं. चार आठवड्यांच्या आतलं असेल तर पिल्लांसाठीची दुधाची पावडर आणा. त्याहून मोठं असेल तर बिनमिठाची उकडलेली कोंबडी तिच्याच पाण्यात वाटून द्या.

पाजताना पिल्लू पालथं हवं, आईला पिताना असतं तसं. तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका. सुई काढलेली लहान सिरिंज गालाच्या कडेने घाला आणि थेंब थेंब द्या. १०० ग्रॅम वजनाला एका वेळी साधारण ४ मिली पुरे. रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं.

घरातलं औषध देऊ नका

पॅरासिटामॉलचा तुकडासुद्धा मांजराचा जीव घेतो. कुत्र्यांच्या पिसवांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं, तेही जीवघेणं. फिनाईलने पुसलेल्या जमिनीवर पिल्लू सोडू नका, ते पंजे चाटतं.

खाणं बंद होऊन १२ तास झाले, तर उद्यावर टाकू नका. दुधावरच्या पिल्लाला एवढा वेळही नसतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, पांढऱ्या हिरड्या, किंवा चिमटीत धरलेली मानेची कातडी सोडल्यावरही तशीच उभी राहणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. उलट्या-जुलाबांचं पिल्लू घरातल्या बाकीच्या मांजरांपासून वेगळं ठेवा. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गजन्य रोगाचा विषाणू घरात महिनोन् महिने टिकतो आणि साध्या साबणाने मरत नाही, त्याला ब्लीच लागतं. भरवताना पिल्लू चावलं तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी आरोग्य केंद्रात जा.

पिल्लू खायला लागलं की आनंदाने वाटी भरून ठेवावीशी वाटते. तसं करू नका. दोन दिवस थोडं थोडं, दर तीन-चार तासांनी द्या, रात्रीसुद्धा. मे महिना सरताना मी एका डब्यात दोन सिरिंज, दुधाची पावडर, जुना टॉवेल, बाटली आणि पशुवैद्यांचा नंबर लिहिलेला कागद भरून ठेवते. डबा पडवीतच, दाराजवळ.