खाड्यांचं ॲप: कोड लिहिण्याआधी आम्ही केलेल्या चुका

सदाशिव पेठेतल्या मेसवर महिनाअखेरीला ठरलेला संवाद असतो. "काकू, माझे सात खाडे होते." "वहीत चारच दिसतायत." खाडा म्हणजे न जेवलेला दिवस; त्याचे पैसे बिलातून वजा होतात. या वादावर तोडगा म्हणून खाड्यांचा हिशेब ठेवणारं ॲप काढायचं आम्ही तिघांनी ठरवलं आणि थेट कोटेशन मागायला गेलो. आकडा ऐकून गुपचूप परत आलो, म्हणून वाचलो.

"असं ॲप आलं तर वापराल का?" हा प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना आम्ही हेच विचारत फिरलो. सगळे म्हणाले, "भारी आहे." समोर चहा पाजणाऱ्याला कोण नाही म्हणणार? मग प्रश्न बदलला: गेल्या महिन्यात वाद झाला का, तेव्हा काय केलंस, शेवटी किती पैसे सोडलेस? बहुतेकांनी थोडी कुरकुर करून पैसे भरून टाकले होते. दोघांनीच स्वतःची वेगळी नोंद ठेवली होती. आमचं खरं गिऱ्हाईक तेवढंच.

हाताने होतं ते आधी कोडने करणं

एक जास्तीचं सिम, व्हॉट्सॲप आणि गूगल शीट, एवढ्यात आमची चाचणी उभी राहिली. मुलं "उद्या रात्री खाडा" असा मेसेज टाकायची, आम्ही शीटमध्ये भरून काकूंना यादी पाठवायचो. यात लाजण्यासारखं काही नाही. सामान घरपोच आणून देणारी बंगळुरूची डंझो व्हॉट्सॲपवरच सुरू झाली. 1999 मध्ये ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोसच्या निक स्विनमर्न यांनी दुकानांतल्या बुटांचे फोटो वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की त्याच दुकानातून बूट विकत घेऊन पाठवले.

फक्त एकाच बाजूला विचारणं

आमची सगळ्यात मोठी चूक ही. दहा दिवस मुलांशी बोललो, काकूंशी नाही. त्यांनी यादी पाहिली आणि विचारलं, "खाडे इतके सोपे केलेत तर माझा महिना कसा भागायचा?" त्यांचा नियम होता, सलग तीन दिवस नसाल तरच खाडा धरणार. म्हणजे आमचं ॲप जितकं चांगलं चालेल तितकं त्यांचं नुकसान, आणि पैसे मात्र आम्ही त्यांच्याकडूनच मागणार होतो! त्यांची अडचण निराळीच होती. रात्री किती पानं होणार हे कळत नसल्यामुळे कणीक एक तर उरायची, नाही तर पुन्हा भिजवायला लागायची. दोन बाजू असलेलं कुठलंही ॲप असो, पैसे देणाऱ्याकडे आधी जा.

सगळं फुकट ठेवणं

वीस रुपये का होईना, यूपीआयने मागा. 2010 मध्ये, सोशल मीडियावरच्या पोस्ट ठरल्या वेळी टाकणाऱ्या बफरच्या जोएल गॅसकॉइन यांनी ॲप नसतानाच दरांचं पान लावलं आणि लोक सशुल्क योजनेवर क्लिक करतात का ते पाहिलं. पैसे घेतलेत तर वस्तू अजून तयार नाही हे सांगा, आणि मागितले की परत करा.

प्ले स्टोअरच्या चाचणीला बाजाराची चाचणी समजणं

13 नोव्हेंबर 2023 नंतर काढलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला ॲप सगळ्यांसाठी खुलं करण्याआधी बंदिस्त, म्हणजे निवडक लोकांपुरती, चाचणी घ्यावी लागते. आधी 20 परीक्षक लागायचे, डिसेंबर 2024 मध्ये ते 12 झाले; मुदत सलग 14 दिवस. हे बारा जण म्हणजे तुमचे मावसभाऊ आणि रूममेट. त्यांच्या इन्स्टॉलवरून मागणीचा अंदाज बांधू नका.

अडलंच तर

फॉर्म भरले पण पैसे आले नाहीत? पाच जणांना फोन लावा. किंमत जास्त वाटली की तुमच्यावर विश्वास नाही, हे शीट सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मेसेज आले आणि मग थांबले? तुम्ही आठवण करायचं थांबवलंत का, ते बघा. आमचं नेमकं तेच झालं होतं. किती जण टिकले तर चाचणी यशस्वी म्हणायची, तो आकडा मात्र सुरुवातीलाच लिहून ठेवा. आम्ही ठेवला नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात वीसपैकी सहाच मुलं उरली तेव्हा "परीक्षा जवळ आली ना" अशी एकमेकांची समजूत काढत बसलो.

आता रोज दुपारी चार वाजता मुलांना एकच मेसेज जातो: "आज रात्री जेवायला आहात का?" पाचला काकूंना आकडा मिळतो. त्याचे काकू दर महिन्याला दोनशे रुपये देतात. ॲप अजून बनलेलं नाही.