टायर कुठून झिजला ते आधी बघा

पुढचे टायर लवकर गेले की आपण सरळ नवे टाकतो, अन् वर्षभरात तेच परत. त्याआधी स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा म्हणजे आतली कड पण दिसते, ती कोणी बघतच नाही.

१. मधोमध झिजला, कडा चांगल्या: हवा जास्त.
२. दोन्ही कडा गेल्या: हवा कमी.
३. एकच कड गेली: चाकांचं अलाइनमेंट (चाकांचे कोन सरळ करणं) करा.
४. तळहात नक्षीवर आडवा फिरवा, आधी आतून बाहेर मग बाहेरून आत. एकीकडून गुळगुळीत अन् उलटं फिरवताना करवतीसारखं लागलं तर टो (वरून बघता चाकं सरळ की आत-बाहेर वळलेली, तो कोन) बिघडलाय, माझ्या गाडीत हेच निघालं, डोळ्याला काही दिसत नव्हतं. (तारा दिसत असतील तर हात लावू नका.)
५. जागोजागी खळगे: शॉकअब्झॉर्बर नाहीतर बॅलन्सिंग.

खाचेतल्या १.६ मिमीच्या उंचवट्याला नक्षी टेकली की टायर संपला, मग कारण कोणतंही असो.

हवा मात्र सकाळी गार टायरवरच चेक करा. मे महिन्यात भरदुपारी जळगाव-धुळे करून आल्यावर प्रेशर वाढलेलंच दिसणार, ते बघून हवा सोडली की झाला वरच्या यादीतला २ नंबरचा (हवा कमी) प्रकार चालू.