ई-ट्रिपल-पी, तीन ॲप आणि सोलापूरचा मे महिना

पहिल्या वेळी मला ई-ट्रिपल-पी परीक्षेत ४६२ पडले. पास व्हायला ५०० लागतात. त्याआधीचे चार महिने मी रोज रात्री फोनवर प्रश्न सोडवत होते आणि ॲप मला रोज शाबासकी देत होतं. शेवटच्या आठवड्यात तर ‘तुमची तयारी ९१ टक्के’ असं हिरव्या अक्षरांत दाखवलं होतं. निकाल आला त्या दिवशी ॲप उघडलं, तरी ९१ टक्केच.

परीक्षा कोणती ते आधी सांगते, कारण इथेच पुष्कळांचा घोटाळा होतो. अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक सगळीकडे मानसशास्त्रज्ञाचा परवाना हवा असेल, तर एक्झामिनेशन फॉर प्रोफेशनल प्रॅक्टिस इन सायकॉलॉजी द्यावी लागते. तिकडे सगळे तिला ई-ट्रिपल-पी म्हणतात. परवाना मंडळांची एएसपीपीबी नावाची संघटना आहे, ती ही परीक्षा चालवते. प्रश्न २२५, वेळ सव्वाचार तास. त्यातले ५० प्रश्न नुसते चाचपणीचे असतात, गुण १७५ चेच धरतात; पण चाचपणीचे कोणते, हे आपल्याला कळत नाही. गुण २०० ते ८०० या मोजपट्टीवर. शुल्क ६०० डॉलर, केंद्राचे पैसे वेगळे. म्हणजे नापास होणं परवडत नाही.

भारतात राहून क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर ही भानगड नाही. आपल्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर मिळते. नेट-सेट ही प्राध्यापकीची वाट. माझ्या मावसभावाच्या मैत्रिणीने सेटसाठी म्हणून ई-ट्रिपल-पीचं ॲप विकत घेतलं होतं आणि त्यातले अमेरिकन नीतिनियम इमानेइतबारे पाठ करत बसली होती. फोनवर ‘सायकॉलॉजी बोर्ड एक्झाम’ शोधलं की फिलिपिन्सच्या परीक्षेची ॲप्सही ढिगाने येतात. ती वाईट नसतात, पण आपल्या कामाची नाहीत.

तर माझं पहिलं ॲप. नोव्हेंबरच्या सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळालं, ‘आजीवन प्रवेश’ म्हणून. तीन हजार प्रश्न. मी आकड्याला भुलले. दोन महिन्यांनी एका उत्तरात वाचलं, ‘हे निदान ॲक्सिस दोनवर नोंदवावं.’ तिथेच मला थांबायला हवं होतं. निदान पाच ॲक्सिसवर, म्हणजे पाच कप्प्यांत, नोंदवायचं ते प्रकरण डीएसएम-५ ने, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाच्या पाचव्या आवृत्तीने, २०१३ मध्येच मोडीत काढलं. त्यानंतर २०२२ मध्ये तिचीही सुधारित आवृत्ती, डीएसएम-५-टीआर, आली. म्हणजे हे ॲप दहा वर्षं शिळं होतं, वर नवं वेष्टन. पैसे परत मागितले तर ‘आमच्या धोरणात बसत नाही’ असं दोन ओळींचं उत्तर आलं.

पण नापास झाले ती शिळेपणामुळे नाही, हे मला पुढे कळलं. प्रश्न तेच तेच फिरून यायचे. तिसऱ्या खेपेला पहिले चार शब्द वाचले की बोट आपोआप ‘क’ वर जायचं. मला विषय येत नव्हता, मला ते ॲप येत होतं.

एप्रिलमध्ये बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. माझं तिकडचं पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचं काम, सुरू व्हायला सप्टेंबर उजाडणार होता, म्हणून मी तीन महिने सोलापूरला आले. आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकापासून आत. शेजारी अजून यंत्रमाग चालतात. सकाळी खटखट सुरू झाली की ती कुलर्सच्या घरघरीत मिसळते आणि दुपारी ४३ अंशांत माणूस नुसता पडून राहतो. अभ्यास पहाटे नाहीतर रात्री.

इथे दुसरं ॲप घेतलं. नाव मोठं, शिकवणारे चांगले, किंमतही तशीच. हे पूर्ण अभ्यासक्रम शेकडो डॉलरचे असतात, काही हजाराच्या वर जातात. त्यात आठवड्याला तीन थेट वर्ग होते, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं संध्याकाळी सातला. उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे, म्हणजे सोलापुरात पहाटेचे साडेचार. आई रोज विचारायची, “काय करायलीस गं एवढ्या पहाटे?” दोन वर्ग केले. तिसऱ्या वर्गाच्या दिवशी नेमकं पाणी आलं. सोलापूरकरांना सांगायला नको; चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येतं तेव्हा सांख्यिकीचा वर्ग आहे म्हणून कुणी बसून राहत नाही. मी कानात इअरफोन घालून हंडे भरत होते आणि तिकडे टाइप वन आणि टाइप टू एरर चाललं होतं. वर्गाचं रेकॉर्डिंग मिळतं म्हणतात, मिळतंही, पण ‘नंतर बघू’ची यादी किती लांबते ते तुम्हाला ठाऊक आहे. ॲप चांगलं होतं, माझ्या दिनक्रमाला ते बसत नव्हतं. सात दिवसांच्या आत रद्द केलं.

तिसरं ॲप निवडताना मी शहाणी झाले. मोफत चाचणीचा आठवडा मिळाला की लोक पहिल्या धड्यापासून सुरुवात करतात. तसं करू नका. तुम्हाला जो विषय सगळ्यात पक्का येतो, त्यातले वीस प्रश्न सोडवा आणि मुद्दाम चुकीची उत्तरं द्या. मग ॲप काय समजावतं ते वाचा. जो भाग आपल्याला येत नाही, त्यात ॲप बरोबर सांगतंय की थापा मारतंय हे कळणार कसं?

हे मला सुचलं बाबांमुळे. बाबा तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात होते. पाय वर करून पडल्यापडल्या कंटाळले होते, म्हणून म्हणाले, दे, मी विचारतो प्रश्न. इंग्रजी हळूहळू वाचतात. प्रश्न असा होता: एका बाईचं डोकं दुखतं, ती गोळी घेते, दुखणं थांबतं, पुढच्या वेळी ती लगेच गोळी घेते, हे काय? मी म्हटलं, निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट.

“बरोबर आहे. पण डोकं दुखायचं थांबलं हे चांगलंच झालं की. मग निगेटिव्ह कसं?”

“निगेटिव्ह म्हणजे वाईट नव्हे, बाबा. काहीतरी काढून घेतलं म्हणून निगेटिव्ह. दुखणं गेलं ना.”

“मग खालचा पर्याय, शिक्षा, तो का नाही? शिक्षेतपण काढून घेतात. आमचा बोनस काढून घेतला होता.”

त्यावर मला दोन मिनिटं लागली. शिक्षेत वागणं कमी होतं, इथे गोळी घेणं वाढलंय. हे मला माहीत होतं, पण कुणी विचारल्याशिवाय सांगता येत नव्हतं. बाबांनी फोन उलटा धरून पाहिला, जणू मागे काही लिहिलंय. म्हणाले, “चादर घेताना उलटी करून बघतात. सुलटी सगळ्यांचीच छान दिसते. ह्यात बाकीची तीन का चुकली ते कुठंय?”

पहिल्या ॲपमध्ये ते नव्हतंच. ‘बरोबर उत्तर: ब’ आणि खाली एक व्याख्या. तिसऱ्यात प्रत्येक चुकीच्या पर्यायाखाली दोन ओळी होत्या, तो कुठे बरोबर ठरला असता तेही. मी ते घेतलं. त्यात प्रश्न बाराशेच होते, पहिल्याच्या निम्म्याहून कमी.

बाकीच्या तपासण्या पटकन सांगते. शोधाच्या खिडकीत ‘ॲक्सिस’ आणि ‘ॲस्पर्जर्स’ टाकून बघा. दोन्ही डीएसएम-५ ने काढून टाकली; ती आजची म्हणून दिसली तर ॲप बंद करा. फोन विमान-मोडवर टाकून बघा प्रश्न उघडतात का. आमच्याकडे वीज गेली की नेटही गेलं, म्हणून माझ्यासाठी हे फार महत्त्वाचं होतं. घड्याळ लावता येतं का ते बघा: सव्वाचार तासांत २२५ प्रश्न म्हणजे एकाला ६८ सेकंद, आणि नीतिनियमांचे काही प्रश्न वाचायलाच तेवढी लागतात. जे ॲप ‘मागच्या परीक्षेतले खरे प्रश्न’ असं म्हणतं त्याच्या वाटेला जाऊ नका. परीक्षेतले प्रश्न गोपनीय असतात, बाहेर सांगणार नाही असं उमेदवाराकडून कबूल करून घेतात. म्हणजे ते एकतर खोटं बोलतायत किंवा चोरी विकतायत.

विषयांच्या वजनाकडेही बघा. एकूण आठ भाग आहेत. निदान-मूल्यमापन आणि नीति-कायदा प्रत्येकी १६ टक्के, उपचार १५. संशोधन आणि सांख्यिकी फक्त ७, म्हणजे १७५ पैकी जेमतेम १२ प्रश्न. माझ्या पहिल्या ॲपमध्ये सांख्यिकीचा डोंगर होता, कारण असे प्रश्न बनवायला सोपे. आणि मीही त्यात रमले, कारण मला सांख्यिकी आवडते. ज्यात आपण आधीच बरे आहोत तेच सोडवत बसायचं आणि त्याला अभ्यास म्हणायचं, ही सवय मोडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

अँकी या फ्लॅशकार्डांच्या ॲपबद्दल दोन शब्द. अँड्रॉइडवर ते फुकट आहे, इंटरनेटशिवाय चालतं आणि विसरायच्या बेतात असताना कार्ड पुन्हा समोर आणतं. लोक दुसऱ्यांनी बनवलेले हजारो कार्डांचे गठ्ठे उतरवतात. मी उतरवले, अक्कलकोटला एका लग्नासाठी चार दिवस गेले, परत आले तर साडेचारशे कार्डं साचलेली. सगळं पुसलं. मग फक्त चुकलेल्या प्रश्नांचीच कार्डं केली, मराठीत, माझ्या शब्दांत. डोकेदुखीच्या कार्डावर मागे लिहिलंय: ‘बोनस नव्हे. वागणं वाढलं की घटलं ते आधी बघ.’ असं कार्ड विकत मिळत नाही.

गंमत म्हणजे अभ्यास कसा करावा याचं उत्तर अभ्यासक्रमातच असतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग: उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्यानंतर पुढे गेले ते स्वतःची परीक्षा घेणारे. मी हा प्रयोग पिवळ्या मार्करने रंगवून चार वेळा वाचला होता.

एएसपीपीबी स्वतःही सराव परीक्षा विकते. ती मी आधी उघडली नाही, जूनच्या शेवटी ठेवली. सलग सव्वाचार तास, फोन आईकडे, टेबलावर पाण्याची बाटली. १४० व्या प्रश्नानंतर माझं लक्ष उडतं, हे त्या दिवशी कळलं. ॲपवर वीस-वीस प्रश्न सोडवून ते कधीच कळलं नसतं. त्यानंतर दर रविवारी शंभर प्रश्नांची एक बैठक, मध्ये उठायचं नाही.

ऑगस्टमध्ये तिकडे जाऊन परीक्षा दिली. पास झाले. घरी फोन केला तेव्हा आईने आधी जेवलीस का विचारलं. मग बाबांनी फोन घेतला.

“त्या डोकेदुखीचा प्रश्न आला होता का?”

“परीक्षेतलं बाहेर सांगायचं नाही, असं कबूल करून घेतात, बाबा.”

“म्हणजे आला होता,” बाबा म्हणाले.