पारसिकचा डोंगर नीट बघायचाय? आधी खाडी बघा

बेलापूर, तुर्भे, कळव्याचे लोक रोज हा डोंगर बघतात, पण त्याला तीन बाजूंनी खाडीचं पाणी आहे हे पटकन लक्षात येत नाही. पश्चिमेला ठाणे खाडी, उत्तरेला उल्हासची, दक्षिणेला पनवेलची. जमिनीने जोडलेला आहे तो फक्त पूर्वेला, शीळ-तळोज्याकडे.

आधी दिवस ठरवा. आपल्याकडची जुनी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट करायची, आला तो भरतीचा अंदाजे तास. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती, खाडीत आत अजून थोडी उशिरा. पुनवेला, अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास येते, मग सकाळी सहाला ओहोटी आणि चिखल उघडा. अष्टमीला भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, तो दिवस नको. मी तरी उधाणाचाच, म्हणजे पुनव-अवसेचा धरते, फरक डोळ्यात भरतो.

ठाण्याहून कल्याणकडे जाणारी स्लो लोकल पकडा, डावी खिडकी. कळव्यानंतर गाडी डोंगराला वळसा घालते, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला कातळ, मुंब्र्यापर्यंत सगळं वळण दिसतं. हाच वळसा वाचवायला पारसिकचा बोगदा खोदला, 1916 मधे सुरू झाला, लांबी साधारण 1.3 किमी. मुंब्र्याहून परत ठाण्याला या आणि पनवेलची गाडी धरा, परत डावीच खिडकी, ऐरोली ते तुर्भे डोंगर सोबत चालतो. मधेमधे दगडखाणींनी कापलेल्या कडा दिसतात, त्या बघून खरंच पोटात कालवतं, कारण कापलेला डोंगर परत येत नाही.

बेलापूरला उतरून पारसिक हिलच्या रस्त्याने वर चाला. वाटेत कापलेल्या दगडाला हात लावून बघा, काळ्या बेसाल्टमधे वाटाण्याएवढी भोकं आणि काहींमधे पांढरे खडे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले वायूचे बुडबुडे आहेत ते, पांढरं नंतर पाण्यातल्या क्षारांनी भरलंय. नखाने खरवडत बसू नका, नुसतं बघा. आणि पावसात अशा कापलेल्या उताराखाली अजिबात थांबायचं नाही, दरड सांगून येत नाही.

वर धारेवर पोचलात की दोन्हीकडच्या घळी बघा. पश्चिमेचं पाणी सरळ ठाणे खाडीला, पूर्वेचं पनवेलच्या खाडीला.